मी फक्त चालत होते

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "दिवसभर काय करता?"

"मी गावची सरपंच आहे," मी म्हटलं.

"ते झालं हो. हालचाल काय करता?"

खरं सांगायचं तर दोन्हींचं उत्तर एकच होतं. काहीच करत नव्हते. साखर वाढली होती, पायाला मुंग्या येत होत्या, गच्चीवर वाळवण टाकायला जिना चढले तरी धाप लागायची. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर दम भरला की रोज सकाळी चालायचं, घरातल्या घरात नाही, बाहेर, अंगाला घाम फुटेपर्यंत. मी म्हटलं, "मॅडम, घरकामात घाम फुटतोच की." त्या म्हणाल्या, "ती दमणूक. तो व्यायाम नाही." माझ्या आईला शेवटी इन्सुलिनची सुई घ्यावी लागली होती आणि त्यातच तिचा एक पाय गेला होता. त्यामुळं मला आणखी समजावून सांगायची गरज नव्हती. बीडच्या बसस्टँडजवळच्या दुकानातून मी त्याच दिवशी बूट घेतले. आयुष्यातले पहिले.

आमचं गाव नेकनूरच्या पुढं, डांबरी सडकेपासून थोडं आत. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा आमच्या ह्यांनी स्वतःच्या फोटोचे बॅनर छापायला टाकले होते. बातमी आली त्या दुपारी ते जेवायला बसले आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तू हुभी राहा," म्हणाले. बॅनर तेच राहिले, फक्त कोपऱ्यात माझा छोटासा फोटो आला, डोक्यावर पदर घेतलेला, आधार कार्डासाठी काढलेला. मी निवडून आले. तेव्हापासून गाव ह्यांना सरपंच म्हणतं आणि मला वैनी.

ग्रामपंचायतीत माझ्या नावाची पाटी आहे आणि पाटीमागं पांढरा टॉवेल टाकलेली खुर्ची आहे. तिच्यावर हे बसतात. तालुक्याहून कुणी साहेब आले की मला घरून बोलावणं येतं. मग हे शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर सरकतात, मी त्या ऊबदार झालेल्या गादीवर टेकते, सांगतील तिथं सही करते, चहा पिते आणि घरी येऊन भाकरी थापते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! झेंडा तेवढा मी लावते. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट आणि आपल्या मराठवाड्याचा सतरा सप्टेंबर. तेव्हाही दोरीची गाठ कुणीतरी आधीच सैल करून ठेवलेली असते आणि हे कानाशी येऊन म्हणतात, "आता वढ." मी ओढते. अधिकार वापरायचा म्हणतात तो माझ्या वाट्याला एवढाच आला.

मी काही जन्मापासून अशी नव्हते. माझं माहेर धर्मापुरी. तिथल्या शाळेच्या मैदानावर मी खो-खो खेळायची आणि मला बाद करायला समोरच्या संघाच्या नाकी नऊ यायचे. नववीत गेल्यावर आईनं एका वाक्यात खेळ बंद केला, "आता पुरे, लोक बघायलेत." लग्नानंतर मी पळाले ती फक्त दूध उतू जायला लागलं की. व्यायाम हा शब्द आमच्या घरात पुरुषांचा. हे तरुणपणी तालमीत जायचे, त्या जोर-बैठकांच्या गोष्टी अजून पाहुण्यांना सांगतात. सासूबाईंना मी चालायला जाणार असं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, गोठा हाय की झाडायला. चालायला कावून पाहिजे?"

तरी मी निघाले. पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर, लुगड्यावर बूट घालून. पहिल्याच दिवशी कळलं की आमच्या गावात बाईला चालता येतं ते फक्त कुठंतरी. कुठंच नाही असं चालता येत नाही. हातात घागर पाहिजे, डोक्यावर गवताचा भारा पाहिजे, निदान पूजेचं ताट पाहिजे. रिकाम्या हातानं सडकेवर चालणारी बाई म्हणजे घरात काहीतरी झालेलं असणार. वेशीपाशी पोचायच्या आत एक मोटरसायकल शेजारी येऊन थांबली.

"वैनी, कुठं जायलाव? बसा की, सोडतो."

"कुठंच न्हाई. चालायला निघाले."

"ते दिसायलंय. पर कुठं?"

"कुठं म्हंजी? त्या पुलापस्तोर जाणार, परत येणार."

तो गडी बिचारा काळजीत पडला. "मग जाऊन परत यायचंच हाय तर जायलाव कावून?"

याला उत्तर द्यायला बसले तर घाम तिथंच सुकला असता. मी पुढं चालू लागले. तो गाडी पहिल्या गिअरवर टाकून माझ्या बाजूनं हळूहळू येत राहिला, कारण सरपंचाच्या बायकोला एकटं सोडून कसं जायचं? पुलापर्यंत पोचते तोच हे स्वतः धुरळा उडवत आले. त्यांना फोन गेला होता की वैनी रुसून पायी माहेरी निघाल्यात. "लोकं काय म्हणतील?" हे म्हणाले, "सरपंचाच्या घरात गाडी न्हाई का?" मी त्यांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं, आईच्या पायाचीही आठवण करून दिली. तेव्हा कुठं ते गप्प बसले. पण पुढचे काही दिवस मी चालायचे आणि गाव मला वाहनं देऊ करायचं. एकानं तर ट्रॅक्टर थांबवला. मला डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं, पण आपटायला थांबले असते तरी कुणीतरी म्हणालं असतं, "बसा की, दवाखान्यात सोडतो."

मग एके सकाळी चहाच्या टपरीवर या कोड्याचा उलगडा झाला. कुणी केला मला माहीत नाही. मी समोरून जात होते आणि बाकड्यावरचा एकजण दुसऱ्याला म्हणाला, "आरं, पाहणी हाय बे. वैनी पाहणीला निघाल्यात."

झालं! गावाचा जीव भांड्यात पडला. सरपंच बाई, पायात बूट, इकडंतिकडं बघत चाललीय, तर ती पाहणीच असणार. तालुक्याचे साहेब येतात ते असेच तर येतात. त्या दिवसापासून लिफ्ट बंद झाल्या. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खूश झाले आणि चालू लागले, पण आता मला चालणंच वेगळं दिसायला लागलं. मी येताना दिसले की अंगणवाडीचं दार उघडायचं. ज्यानं अर्ध्या रस्त्यावर कडब्याची गंजी रचली होती, त्यानं ती एका रात्रीत आत घेतली. मी दम खायला एका नालीपाशी थांबले, नालीकडं माझं लक्षसुद्धा नव्हतं, तर दुसऱ्या दिवशी नाली चकाचक. शाळेच्या भिंतीला लागून असलेला उकिरडा हलला. मी सगळ्यांना खरं सांगत होते. "अहो, मी साखरेसाठी चालते." ते मान हलवून म्हणायचे, "हां हां वैनी, साखर तर साखर," आणि एकमेकांकडं बघून समजूतदारपणे हसायचे.

खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. पाय हलके झाले होते. मुंग्या कमी झाल्या होत्या. आणि सरपंच झाल्यापासून पहिल्यांदा मला वाटत होतं की मी सरपंच आहे. न बोलता, न सही करता, नुसतं त्या गावातून चालल्यानं काहीतरी जागचं हलत होतं. खो-खोत पाठीमागून खो मिळाला की अंग आपोआप उठतं, तसं आत काहीतरी उठलं होतं.

गावाच्या वरच्या अंगाला टेकाडावर एक वस्ती आहे. टाकीपासून एक लाइन गावात जाते आणि एक वस्तीला. दोन्हींच्या मधे रस्त्याकडेला सिमेंटचं चेंबर आहे, त्यात दोन्हींचे व्हॉल्व्ह आहेत; वस्तीचा व्हॉल्व्ह लांब लोखंडी चावीनं फिरवल्याशिवाय वस्तीला थेंब जात नाही. वस्तीच्या नळांना बऱ्याच महिन्यांपासून पाणी नव्हतं. बायका खालच्या हापशावरून वाहून न्यायच्या. मी ह्यांना विचारलं होतं. हे म्हणाले होते, "टेकाडावर पाणी चढंना. टेक्निकल प्रॉब्लेम हाय, तुला न्हाई कळायचा." टेक्निकल म्हटलं की बाईनं गप्प बसायचं असतं. मी बसले होते.

त्या दिवशी मी मुद्दाम नवीन रस्ता धरला. तो चढाचा निघाला. चेंबरपाशी पोचेपर्यंत माझा श्वास छातीत मावेना. कमरेवर हात ठेवून मी तिथंच उभी राहिले. पाणी सोडणारा माणूस चावी घेऊन तिथंच होता, ग्रामपंचायतीचा जुना कामगार, अर्धी दाढी पिकलेला. मला बघून त्याचा चेहरा पडला.

"वैनी, मला ठाऊक हुतं, तुमी एक दिस इथं येणार," तो म्हणाला.

मला बोलता येत नव्हतं. मी नुसती बघत राहिले.

"माझं काय चालतंय का इथं? मला जसं सांगतेत तसं करायलो मी."

मी धापा टाकत होते. त्यानं झाकण सरकवलं, चावी आत घातली आणि दोन्ही हातांनी फिरवली. पाईपात घरघर झाली. वर टेकाडावर कुणीतरी ओरडलं, मग दुसऱ्या कुणीतरी, आणि मग भांड्यांचा आवाज सुरू झाला. पाणी टेकाडावर चढलं होतं. काही टेक्निकल नव्हतं. एक चावी फिरवायची होती, बस.

परत येताना मी तरंगत होते. वाटेत एका बाईनं सांगितलं की गावच्या लाइनीवरून ह्यांच्या उजव्या हाताच्या माणसाच्या मंगल कार्यालयाचं बांधकाम चाललंय, आणि वस्तीचा व्हॉल्व्ह उघडला की तिकडचा जोर कमी होतो. अख्ख्या गावाला हे माहीत होतं. एका सरपंचाला तेवढं माहीत नव्हतं.

हे दुपारी घरी आले ते तोंड वाजवतच.

"त्याला काय सांगितलंस तू?"

"कुणाला?"

"पाणी सोडणाऱ्याला. तिकडं स्लॅब टाकलाय, त्याला मारायला पाणी न्हाई, आन् वस्तीत नळ धो धो वाहायलेत."

"मी कायच बोलले न्हाई. मी नुसती उभी हुते, धाप लागली हुती मला."

"धाप लागली म्हणून वाल उघडत असतेत का?"

धाप लागली म्हणूनच उघडला होता. मी ह्यांना विचारलं, "पाणी चढत नव्हतं ना टेकाडावर?" त्याचं उत्तर आलं नाही. उत्तर आलं ते तिसऱ्या दिवशी, पिकअपमधून, दोरखंडानं बांधून. ट्रेडमिल.

चार गड्यांनी ते धूड बैठकीत आणून ठेवलं. बघायला गल्ली लोटली. बायका पट्ट्यावर पाय ठेवून मागं घसरत होत्या आणि हसत होत्या. ह्यांनी मी त्यावर उभी असलेला फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, सौभाग्यवतींना आरोग्याची भेट म्हणून. त्याला किती अंगठे आले ते मला रात्री जेवताना ऐकावं लागलं.

"डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय ना?" हे म्हणाले. "चाल की मग. ऊन न्हाई, धूळ न्हाई, कुत्र्याचं भ्या न्हाई."

"डॉक्टर म्हणल्या, बाहेर चालायचं."

"मग खिडकी उघडी ठेव."

मी त्या मशीनवर चालले. काय करणार? साखर तर होती, आणि आईचा पाय डोळ्यांपुढं होता. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर, कितीही चाललं तरी तेच कॅलेंडर. मधेच लाइट जायची आणि पट्टा झटका देऊन थांबायचा. पहिल्या वेळी मी कॅलेंडरवरच आदळले. अंगाला घाम फुटायचा, छाती भरून यायची, मशीनवर लाल आकडे वाढायचे, आणि मी होते तिथंच असायचे. माझा इतका संताप व्हायचा की मी पट्टा आणखी जोरात लावायचे, आणि मग धापा टाकत बंद करायचे. ह्यांच्याशी भांडावं तर भांडायचं कशावरून? नवऱ्यानं एवढी महागाची वस्तू आणून दिलीय, आणि बाईचं तोंड वाकडं! आमच्या सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "दुसरीनं डोस्क्यावर घिऊन नाचलं असतं."

बाहेर गाव पूर्ववत झालं. अंगणवाडी उशिरा उघडायला लागली. कडबा रस्त्यावर आला. हे सगळं मला खिडकीतून कळायचं, उघड्या ठेवलेल्या.

एके दिवशी वस्तीतली एक म्हातारी दारात आली. सोबत तिची सून. म्हातारीनं ट्रेडमिलकडं एकदा बघितलं, मला खालीवर बघितलं आणि विचारलं, "बाई, बरं न्हाई का तुमाला?"

"बरी हाय की. का?"

"फिरायला येईनात तुमी."

"घरीच चालते आता."

ती जराशी घुटमळली. "तसं न्हाई. तुमी वर आलाव तवा पाणी आलं. तुमी बंद झालाव, पाणी बंद झालं. म्हणून म्हणलं, फिरायला या की." आणि माझा चेहरा बघून तिनं दर उतरवला, "रोज नका येऊ. एक दिसाआड या. आमाला तेवढं बी पुरंल."

वस्तीचं प्यायचं पाणी असं माझ्या फिरण्याला बांधलं गेलं होतं. मी गेले तर ते येणार, नाही तर नाही. मला एकदम लाज वाटली आणि त्याहून जास्त चीड आली. मी म्हटलं, "आजी, पाण्यासाठी मी फिरायची गरज न्हाई. मी सरपंच हाय. मी सांगते सोडायला. रोज येईल."

सासूसुनांनी एकमेकींकडं बघितलं. म्हातारी म्हणाली, "बघा मग," आणि दोघी गेल्या.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं की वस्तीचा व्हॉल्व्ह रोज उघडायला लावा. "बघतो," टीव्हीवरची नजर न हलवता हे म्हणाले. चार दिवस हे बघत होते. पाचव्या सकाळी मी बूट घातले, ट्रेडमिलला वळसा घातला आणि घराबाहेर पडले. हे अजून अंघोळीत होते.

मी चढ चढले तो दम राखून. मला त्या दिवशी बोलायचं होतं. चेंबरपाशी पाणी सोडणारा गावचा व्हॉल्व्ह उघडून बिडी ओढत बसला होता. मला बघून उठला, बिडी विझवली.

"वैनी, आज लई दिसानं."

"वस्तीचा व्हॉल्व्ह उघडा," मी म्हटलं. "आन् आजपासून रोज उघडायचा, गावाला जेवढा वेळ तेवढाच वस्तीला. मी सरपंच म्हणून सांगायले."

मी हे वाक्य रात्रभर मनात घोळवलं होतं. म्हणून झालं तेव्हा मला बरं वाटलं. तो मात्र चावी उचलायच्या ऐवजी खिशात हात घालून मोबाइल शोधू लागला.

"कुणाला फोन करायलाव?"

"सरपंचांना इचारतो."

"मी सांगायले ना?"

"म्हणूनच इचारतो, वैनी. तुमी सांगितलं म्हंजी इचारावं लागतं."

"मग त्या दिशी कावून उघडलाव? तवा तर कुणाला इचारलं न्हाई."

तो मनापासून गोंधळला. "त्या दिशी तुमी कायच बोलला न्हाईत. मला वाटलं, सरपंचांनीच धाडलंय तुमाला."

मी तिथल्या दगडावर बसले. पाय दुखत नव्हते, तरी बसले. म्हणजे नाली, कडबा, अंगणवाडी, उकिरडा, सगळं. ते लोक मला घाबरत नव्हते. सरपंचानं बायकोला पाहणीवर धाडलंय, ती काय काय जाऊन सांगेल, असं त्यांना वाटत होतं. मी गावभर फिरत होते ती ह्यांचे डोळे म्हणून. आणि मी मूर्खासारखी खूश होत होते. तोंड बंद होतं तोवर माझा शब्द चालत होता, कारण तो माझा नव्हताच. मी तोंड उघडलं आणि त्यांना कळलं की हे बाईच्या मनचं आहे. आणि बाईच्या मनचं असेल तर विचारून घ्यावं लागतं. इतका अपमान मला त्या ऊबदार खुर्चीवरही कधी वाटला नव्हता. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कुणावर? हा माणूस खोटं बोलत नव्हता. उलट तो एकटाच खरं बोलला होता.

तोवर वरून बायका उतरायला लागल्या होत्या. मी चेंबरपाशी आलेली त्यांना दिसली होती. रिकाम्या घागरी घेऊन त्या भोवती उभ्या राहिल्या, म्हातारी सगळ्यात पुढं. पाणी सोडणाऱ्यानं फोनवर ह्यांना काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. थोड्या वेळात मोटरसायकल चढ चढून आली. हे उतरले. ओले केस, इस्त्रीचा पांढरा शर्ट. रागानंच आले होते, पण नजर बायकांवर गेली आणि चेहरा क्षणात बदलला. एवढी मतं एका जागी उभी असताना ह्यांना कधी राग येत नाही.

"काय झालं, काय झालं?" हसत पुढं आले. "आमच्या सरपंचबाईंचा हुकूम हाय व्हय? मग टाळता यील का? घरात राहायचंय मला."

बायका हसल्या. ह्यांनी पाणी सोडणाऱ्याच्या हातातून चावी घेतली, बाह्या दुमडल्या, चेंबरवर वाकले आणि जुन्या तालमीतला जोर लावून स्वतः व्हॉल्व्ह फिरवला. पाईप घरघरला. वर वस्तीत पोरांचा गलका झाला. "रोज येईल पाणी," हे सरळ होत म्हणाले, "माझा शब्द हाय." वाक्य माझं होतं, रोज येईल, अगदी तेच. बायकांनी ह्यांना हात जोडले. म्हातारीनं तर ह्यांची अलाबला घेऊन कानशिलांवर बोटं मोडली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "नशीब काढलंत बाई. बायकूचं ऐकणारा नवरा गावला तुमाला."

पाणी आलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. वस्तीतल्या बायकांना कुणाच्या नावानं येतं याच्याशी काय देणंघेणं, नळाला आलं म्हणजे झालं, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण ते उद्या बंद झालं तर त्या कुणाकडं जातील? मी उठले, ह्यांच्यासमोर गेले आणि हात पुढं केला.

"चावी माझ्याकडं द्या."

हे हसले. लोकांपुढं माझ्याशी बोलताना ह्यांचा आवाज लई मऊ होतो. "जड हाय गं. हात भरून यील तुझा. दमलीस, घामाघूम झालीस बघ. चल, गाडीवर बस, घरी जाऊ." आणि चावी त्यांनी माझ्या हातावरून पलीकडं, पाणी सोडणाऱ्याला दिली.

तो एकदा माझ्या हाताकडं बघत राहिला, एकदा ह्यांच्या तोंडाकडं. मग मान खाली घालून त्यानं चावी खांद्यावर टाकली आणि टाकीच्या वाटेला लागला. ह्यांनी गाडीला किक मारली आणि मागची सीट हातानं झटकून माझ्यासाठी पुसली. बायका बघत होत्या. मी सीटकडं बघितलं, गाडीच्या पुढून गेले आणि त्या चावीच्या मागं चालू लागले.